पाहुण्याची खिडकी

९ जानेवारी २०२३

इंद्रभानचा सत्कार झाला! चिखलीला, हॉलमध्ये, बियाण्याच्या कंपनीतर्फे. 'प्रगतिशील शेतकरी'. शालीच्या आशेने गेला होता, कुंडी घेऊन आला. मुठीत मावेल एवढी पांढरी कुंडी. तिच्यात जाड जाड पानांचं निळसर हिरवं काहीतरी, गुलाबाच्या फुलासारखं गोल पसरलेलं, आणि वर गुलाबी रिबन. आता म्हणे शाल, नारळ, हार असलं काही देत नाहीत. रोप देतात. पर्यावरण!

घरात 'अहो' आणि 'ऐकलं का' चालतं. कागदावर मी नाव घेते. जन्मभर अंगणवाडीची रजिस्टरं भरली, अख्ख्या उंद्री गावाची नावं लिहिली, नवऱ्याने काय घोडं मारलं?

भाषणही केलं म्हणे. पूर्वी बीटी कापसाच्या पिशवीसोबत साध्या बियाण्याचं एक छोटं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे अळी तिकडे गुंतून राहते. इंद्रभानने माइकवर सांगितलं, "मी तं दरसाल लावत होतो." ती पाकिटं अजून गोठ्यात खुंटीला टांगलेल्या थैलीत आहेत, न फोडलेली. गावात एकानेही कधी लावली नाहीत. टाळ्या मात्र पडल्या.

कोरफडीच्या या पुतणीला ठेवायला घरात जागा कुठे आहे? विचारलं. खिडकीत, म्हणाला.

१० जानेवारी

रिबन काढू देत नाही.

१९ जानेवारी

कापसाची शेवटची वेचणी घरात आली. मधली खोली खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत भरली. ती माझी खोली. घरात एकच धड खिडकी, पूर्वेची, आणि तिच्याखाली माझी खाट असायची. आता खाट बाहेरच्या खोलीत, टीव्हीखाली. माणसाने निघायचं, कापसाने राहायचं.

चौकात ठरलं आहे - दहा हजारांचा भाव झाल्याशिवाय कोणी विकायचा नाही. मागच्या साली ज्यांनी घाई केली ते पस्तावले, म्हणून यंदा सगळे शहाणे झाले. घराघरात कापूस ऐसपैस झोपतो आणि माणसं भिंतीला टेकून बसतात. ज्याच्या त्याच्या अंगाला खाज. शेजारच्या सुभद्राबाईच्या नाती तर मानेपासून पोटरीपर्यंत ओरबाडून घेतात. सगळं गाव खोकतं. मी जरा जास्त खोकते. रात्री आडवं पडलं की छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं, उठून बसावं लागतं.

इंद्रभानला म्हटलं, विका. मला श्वास पुरत नाही.

"थांब ना वं जराशी. भाव येऊन राह्यला."

कुठून येऊन राहिला? पायी निघाला आहे का?

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून आला आणि टोपी न काढता झाडाला तांब्याभर पाणी घातलं. मुठीएवढ्या कुंडीला तांब्या! जसं काही नळी लावून वावर भिजवतो आहे. पाणी कुंडीतून बशीत, बशीतून खिडकीत, खिडकीतून कापसावर. ओला कापूस उपसून अंगणात ऊन दाखवायला कोण? मी.

त्याचं नाव ठेवलं आहे - पाहुणा. "पाहुण्याले पाणी देल्लं का?" "पाहुण्याले उजेड पुरते का?" खऱ्या पाहुण्यांना हा माणूस कधी स्वतःहून 'बसा' म्हणाला नाही. माझा भाऊ आला होता तेव्हा पाठ करून बैलाचं दावं वळत बसला होता.

२७ जानेवारी

आज पुन्हा तांब्या.

४ फेब्रुवारी

पाहुणा सडला. खालची पानं पिवळी, पातळ, आरपार दिसणारी झाली. बोट लावलं की गळतात आणि हाताला चिकट पाणी लागतं. इंद्रभानचा चेहरा पाहण्यासारखा होता. बोंडअळीने निम्मं शेत खाल्लं त्या वर्षीही एवढा पडला नव्हता.

धम्मदीपला फोन लावला. आमचा मुलगा, पुण्यात असतो. आईची आठवण त्याला पगारासारखी महिन्यातून एकदा येते. झाडाचं नाव काढल्याबरोबर व्हिडिओ कॉल! "बाबा, हे सक्युलंट आहे. पानांतच पाणी साठवतं. माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही." सावकाश, मोठ्याने, बाप बहिरा असल्यासारखं. आमच्याच घरात 'मले तुले' करत वाढला, आता जिभेला इस्त्री करून बोलतो.

मग मला, "आई, खोकला कसा आहे?"

म्हटलं, "कापूस हाय घरात."

"मग बाबांना विकायला सांग ना."

सांग ना! तू सांग की. तेवढ्यात त्याला मीटिंग आली.

दुपारभर इंद्रभानचा उद्योग चालला होता. नाल्यातून वाळू आणली, मुरूम चाळला (माझ्या पिठाच्या चाळणीने), चुलीतले कोळसे कुटले. रोप उपटलं, सडकी मुळं ब्लेडने हळूच कापली आणि जखम सुकावी म्हणून वर्तमानपत्रावर सावलीत निजवलं. मधून मधून जाऊन बघतो. धम्मदीपच्या वेळी मी दवाखान्यात होते तर हा शेतातली डवरणी आटोपून मग आला होता, पायाला चिखल तसाच. पोराकडे पाहिलं आणि नर्सला विचारलं, डब्बा कुठी ठेवू.

७ फेब्रुवारी

पाहुण्याला नवीन मातीत लावला. पाणी दिलं नाही. हात मागे बांधून त्याच्यासमोर उभा होता. मास्तरांसमोर पोरं उभी राहतात तसा.

१३ फेब्रुवारी

झेबा आली होती. आमच्या गावची आशा सेविका. माझ्याच अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठी झाली, तिचा शेंबूड मी पुसला आहे. आता खांद्याला पर्स, हातात मोबाइल, आणि गावाचं आरोग्य सगळं हिच्या डोक्यावर. खाजेचं मलम वाटत फिरत होती. मला खोकताना ऐकलं आणि थबकली.

"मावशी, हे कधीपासून?"

"कापूस आल्यापासून."

"एकदा थुंकी तपासून घेऊ ना. डबी देऊन जाते."

मला सांगते! दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा - ती पत्रकं मी वाटली. खळ लावून भिंतीवर मी चिकटवली. सुभद्राबाईचा सासरा नाही नाही म्हणत असताना त्याला हाताला धरून एसटीत मी बसवलं. क्षय निघाला, गोळ्या खाऊन बरा झाला, पुढे मला शिव्या देत जगला. तेव्हा ही बया पाटीवर अ गिरवत होती.

म्हटलं, "सगळं गाव खोकते. सगळ्या गावाच्या डब्या भर, मंग माह्याकडे ये."

हसली आणि गेली. हसणंही सरकारी.

२१ फेब्रुवारी

आज डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

पाहुणा जगला, पण लांबुडका झाला. मान काढून उजेडाकडे वाकला, पानं विरळ झाली. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यातला कापूसही मधल्या खोलीत लोटला आहे, त्यामुळे ढीग खिडकी झाकून वर गेला आणि कुंडी एका कोनाड्यात अडकली. तर सकाळी इंद्रभान ढिगावर चढला. गुडघे रोवून, दोन्ही हातांनी कापूस मागे सारत, खिडकीसमोर चांगला मोठा खड्डा केला. मागे सरेना तेवढा पोत्यात भरून माझ्या खाटेखाली आणून कोंबला.

मी दारात उभी. दम लागलेला, नुसती बघत. महिनाभर घसा फोडून सांगते आहे, निदान खिडकी मोकळी करा, हवा येऊ द्या. तेव्हा उत्तर काय, "कापूस कुठी ठेवू, डोक्यावर?" आज जागा निघाली!

म्हटलं, "माणसाले बी हवा लागते, माहीत हाय का?"

वरूनच म्हणाला, "तुले बोलता तरी येते. त्याले येत नाही."

बोलून काय होतं ते लग्नापासून बघते आहे. आता पोतं माझ्या खाटेखाली आहे. झाडाचा उजेड माझ्या पाठीखाली टोचतो.

२८ फेब्रुवारी

एसटी स्टँडवर कंपनीचा बॅनर लागला. बॅनरवर इंद्रभान, हातात बोंड, तोंडावर हसू. हे हसू घरी कधी आलं नाही, फोटोवाल्याने बाहेरून आणून लावलं असावं. खाली लिहिलं आहे - 'विश्वास शेतकऱ्याचा'.

सुभद्राबाई म्हणाली, "केसरबाई, दाजी लय मोठे झाले." मी म्हटलं, हो, वीस फूट.

५ मार्च

भाव उतरला. चौकात सगळे म्हणाले, आता उतरला म्हणजे चढणारच. ही गावाची अक्कल.

१४ मार्च

पाहुण्याच्या पानांच्या बेचक्यात पांढरे पुंजके दिसू लागले. इंद्रभान घाबराघुबरा. मला बोलावून दाखवलं.

मी म्हटलं, कापूस आहे, दुसरं काय? घरभर उडतो. भातात असतो, भाकरीवर असतो, चहाच्या कपात तरंगतो, माझ्या छातीत तर पेव भरलं आहे. तुमचा पाहुणा काय आकाशातून पडला, त्याच्यावर बसणार नाही?

पटलं त्याला. आता रोज सकाळी कुंडी तोंडाजवळ धरून गाल फुगवून फुंकर मारतो. एवढ्या मायेने त्याने कधी चूल फुंकली असती तर माझे डोळे तरी वाचले असते.

२ एप्रिल

बांगड्या ढिल्या झाल्या. हात खाली सोडला की मनगटावरून निसटायला बघतात. भाकरी जात नाही. घशातच कापूस असल्यावर भाकरी कुठून जाणार? संध्याकाळी अंग कणकणतं. वर पत्रे, खाली कापूस, मधे मी. यात कोणाचं अंग थंड राहील?

इंद्रभान जेवताना माझ्या ताटाकडे बघत होता. म्हणाला, "अर्धीच खाल्ली का?" म्हटलं, उरलेली पाहुण्याला घाला.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत चार पावलं गेले आणि परत फिरले. निळ्या साडीवरसुद्धा कापूस.

२१ एप्रिल

पुंजके फुंकरीने जाईनात. उलट वाढले. आज इंद्रभान चष्मा लावून, कुंडी उन्हात धरून ओट्यावर बसला होता. बऱ्याच वेळाने हाक आली.

"अवं, इकडे ये. हे चालून राह्यलं."

मी हसायलाच गेले होते. पाहिलं तर खरंच पुंजका चालत होता. पांढरा, पिठाळ, खाली बारीक पाय. पिठ्या ढेकूण! मागे एका साली कपाशीवर आला होता, पानं चिकट काळी करून टाकली होती. महिनाभर आम्ही दोघं मिळून ढेकणाला कापूस समजत होतो. कापसाने भरलेल्या घरात पांढरं दिसलं की माणूस दुसरा विचारच करत नाही.

कुंडीतून रोप उपटून बघितलं. मुळांशीही तेच, पांढरं पांढरं.

"हा आपल्या कापसाचा नाही," म्हणाला. "मुयाशी हाय म्हंजे आला तवाच संगं घेऊन आला. आपण उगंच कापसाले बोल लावून राह्यलो."

म्हणजे कापूस निर्दोष! लगेच वकिली सुरू. दुसऱ्याच्या कापसाचीही एवढी बाजू कोणी घेत नाही.

मग फवारणीचा पंप काढायला निघाला. घरात, मुठीएवढ्या रोपासाठी, कपाशीचं औषध! मी दारात आडवी आले तेव्हा थांबला. पुन्हा धम्मदीपला फोन. "बाबा, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पान पुसा." स्पिरिट झेबाकडून आणलं. ढिगातून कापूस ओढला, सरकी काढली, बोळे वळले. जानेवारीपासून घरात पसरलेल्या या राजेश्री कापसाचा हा पहिला उपयोग.

एकेक पान पुसत बसला. बोटं जाड, भेगाळलेली, पण एक पान मोडलं नाही.

३ मे

भांडण झालं. मीच केलं. खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या, आणि हा विचारतो, "पाहुण्याले आज बरं दिसते का?"

जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, त्याच्या मुळाशी काय आहे ते तुम्हाला दिसतं. चष्मा लावून दिसतं. शेजारी बाई बसून राहते, पाठ टेकत नाही, ते दिसत नाही. मी कुंडीत बसते आता. रिबन बांधा मला.

 बोलायचं नाही, ऐकायचं नाही, उठून गोठ्यात जायचं - ही त्याची रीत आहे. गेला गोठ्यात.

५ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली. घरात वंदना नेहमी मी म्हणते, इंद्रभान ओठ हलवतो. आज त्रिशरणाच्या मधेच खोकल्याची उबळ आली, थांबेना. तर उरलेली वंदना त्याने एकट्याने म्हटली. दोन ठिकाणी चुकला. एक ओळ गाळली. मोठ्याने म्हणत राहिला.

६ मे

सकाळी अंगणात टेम्पो! अमडापूरचे कादरभाई, गावोगाव फिरून कापूस घेतात. सोबत भरणारी माणसं, ताणकाटा, कापूस भरायची मोठमोठी बोदरी.

"वहिनी, जरा बाहेर बसा," कादरभाई म्हणाले. "रेशा उडतीन. इंद्रभानभाऊनं सांगतलं, तुमाले तरास होते."

मी इंद्रभानकडे पाहिलं. तो काट्याकडे बघत होता. भाव तर मार्चपेक्षाही खाली. मग आजच का? विचारलं नाही. विचारायचं कशाला, मला कळतं. काल पाहुण्याचं आणखी एक पान गळालं. खोली मोकळी झाल्याशिवाय त्याला उजेड मिळत नाही, हे त्याच्या डोक्यात बसलं असणार. बायको खोकत बसली तेव्हा कापूस हलला नाही. झाडाने पान टाकलं तर टेम्पो दारात!

ओट्यावर पदर तोंडाला लावून बसले. चौकातले दोघं-तिघं येऊन बघून गेले.  मयताला येऊन जातात तसे आले नि गेले.

खिडकीजवळच्या ढिगावर एक जुनं गळालेलं पान सापडलं. सुकून चुरा व्हायला हवा होता. त्याला गुलाबी मुळं फुटली होती आणि टोकाला एवढुसं रोप. ना माती ना पाणी. भरणाऱ्या माणसाने कौतुकाने माझ्या हातावर ठेवलं. असली निर्लज्ज जात मी पाहिली नाही. फेकणार होते. मग दह्याच्या रिकाम्या वाटीत ठेवलं.

८ मे

खोली झाडली, धुतली. भिंतीचे कोपरे ओल्या फडक्याने पुसले. खिडकी उघडली तर समोरचा कडुनिंब दिसला. तो अजून तिथेच आहे, हेही विसरायला झालं होतं.

सुभद्राबाई सांगत आली. चौकात इंद्रभानला घेरला म्हणे. "ठरलं होतं ना बे? सगळ्यात आधी तूच फुटला?" तर हा काय म्हणाला, "बायकोले दम लागून राह्यला. कापूस पुढच्या साली बी होते." त्यावर सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, प्रगतिशील शेतकरी!

माझ्या नावावर पावती फाडली. झाडासाठी विकला असं सांगायची लाज वाटली असणार, मग बायको आहेच. चला, निदान गावात तरी मला दम लागतो हे जाहीर झालं. आता कापूस गेला, आता बघाच खोकला राहतो का! मी पहिल्यापासून सांगत होते.

१५ मे

आपण विकला आणि भाव थोडा चढला. चौकात इंद्रभानला बोलावून मुद्दाम चहा पाजला. तो पिऊन आला. स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही? म्हटलं, काय म्हणत होते? म्हणाला, "साखर कमी होती."

खोकला आहे अजून. इतके महिने आत गेलेलं एका आठवड्यात थोडंच निघणार?

२१ मे

भिंतीत बसली आहे कापसाची रेशा. चुना आणायला सांगितला. इंद्रभानने एका दिवसात खोली पांढरी केली. पाहुणा खिडकीत मजेत आहे, पुन्हा गोल झाला, कडेने लाली आली. खोली त्याच्याच नावावर करून द्यावी.

खाट अजून बाहेरच्या खोलीत आहे. म्हटलं, चुना वाळू द्या.

३० मे

पंखा खाली उतरवून पुसला. गोधड्या उकळल्या. आज वाशांवरची धूळ काढायला इंद्रभानला शिडीवर चढवला. "कुठी हाय वं कापूस? काईच दिसत नाही," वरून म्हणाला. म्हटलं, नीट बघा. पुन्हा सगळे वासे पुसले. कुरकुरला नाही. त्याने कुरकुर करायला पाहिजे होती. मला ते बरं वाटलं नाही.

६ जून

झेबा आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. मला खोकताना बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, कापूस जाऊन महिना झाला ना."

उत्तर तोंडाशी होतं. भिंत, पंखा, वासे, गोधड्या... सगळं करून झालेलं. मी खोलीत इकडेतिकडे बघितलं. पांढरं असं काही सापडेना, चुन्याशिवाय.

म्हटलं, "दे तुही डबी."

हसली नाही या वेळी.

१३ जून

क्षय आहे. चिखलीला छातीचा फोटोही काढला. डॉक्टर म्हणाले, बरा होईल, सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. कापसाचा संबंध नाही. कापूस घरात येण्याच्या आधीपासूनचं दिसतं.

परत येताना एसटीत इंद्रभान शेजारी बसला होता. मी वाट बघत होते. आता म्हणेल, तुझ्या कटकटीने सोन्यासारखा कापूस घालवला, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. घरी आल्यावर त्याने खिडकीतली कुंडी उचलून बाहेर ओट्यावर ठेवली. मग माझी खाट ओढत मधल्या खोलीत नेली आणि खिडकीखाली लावली.

"बरं झालं खोली मोकळी केली," म्हणाला. "डाक्टर म्हणे, हिले हवा पाह्यजे."

इथे पडल्या पडल्या लिहिते आहे. कडुनिंब दिसतो. कोणाला नावं ठेवावीत, काही सुचत नाही.